पाच गुणांचा गवा

कोणतीही गोष्ट नीट आखणी करून केली, की ती बिघडत नाही, असे माझे ठाम मत आहे; आणि खाली सांगणार आहे ते सगळे घडून गेल्यानंतरही मी ते बदललेले नाही! तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस मते अशी सहजासहजी बदलत नसतो. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी उभी हयात कास्टिंग तपासण्यात घालवली. माझ्या टेबलावरून सदोष भाग पुढे जाणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून ट्रॅक्टर जाणे! निवृत्त झाल्यावर तपासायला कास्टिंग उरले नाही, म्हणून मी गल्लीतली दहावीची मुले तपासायला घेतली. विषय इंग्रजी.

"उदयसिंह, तुला इंग्रजी येतंय काय?" माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, पहिल्याच दिवशी विचारले. आक्का माझ्याकडे राहते, असे मी सांगतो. मी तिच्याकडे राहतो, असे ती सांगते.

"प्रश्न इंग्रजी येण्याचा नाही, आक्का. पद्धतीचा आहे."

"मग पद्धत तरी येत्या काय?"

पद्धत मला येते! फाउंड्रीत आधी लाकडाचा पॅटर्न करतात, त्याभोवती वाळू दाबतात, पॅटर्न काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. परीक्षेचेही तेच आहे. पत्राचा एक पॅटर्न, संवादाचा एक, बातमीचा एक. पॅटर्न पक्का करा. आत काहीही ओता. मुले भराभर शिकली. अडली ती एकटी शबनूर.

शबनूरचे वडील गैबीभाई रिक्षांच्या सीटा शिवतात. पोरगी गणितात अशी, की माझी उत्तरे मी गुपचूप तिच्या उत्तरांशी ताडून पाहत असे. तिला माझ्यासारखीच यंत्र अभियांत्रिकीची पदविका करायची होती. पण सराव परीक्षेत ती इंग्रजीत नापास झाली, आणि तिच्या अम्मीने, मेहमुदाभाभींनी, माझ्यासमोर निकाल देऊन टाकला. "सर, बोर्डात पास झाली तर पुढं शिकंल. न्हाय झाली, तर माझ्या शेजारी शिलाईची दुसरी मशीन मांडली म्हणून समजा."

अशा परिस्थितीत त्या मुलीने बातमीलेखनाच्या पाच गुणांच्या प्रश्नाला काय लिहावे? 'एके दिवशी कार्यक्रम झाला. सर्व लोक आले. सर्व लोक गेले.' मी एक गुण दिला, तोही अक्षरासाठी!

म्हणून पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः बातमीचा नमुना करायला बसलो. ठसठशीत मथळा. स्थळ आणि तारीख. 'आमच्या वार्ताहराकडून'. पहिल्या परिच्छेदात काय, कुठे, कधी. मग प्रत्यक्षदर्शी. आणि अखेरीस अधिकाऱ्यांचे आवाहन, कारण आवाहनाशिवाय बातमी म्हणजे नटाशिवाय बोल्ट. विषय घेतला 'वन्य प्राणी वस्तीत'. आमच्याकडे गवा अधूनमधून वाट चुकून उसातून शहराकडे येतोच. तेव्हा प्राणी गवा. स्थळ मुलांच्या ओळखीचे हवे, म्हणून आमच्या तालमीमागची पाण्याची टाकी. तारीख त्याच दिवसाची. आवाहन असे, की उद्या दुपारपर्यंत कोणीही घराबाहेर पडू नये. सर्व मजकूर शुद्ध इंग्रजीत, संगणकावर दोन स्तंभांत, अगदी वर्तमानपत्रासारखा मांडला, त्याचे चित्र केले आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडले. त्यानंतर वेगळ्या संदेशात सूचना लिहिली, 'हे नमुना उत्तर आहे. पाठ करावे.' एका संदेशात एकच विषय, ही माझी शिस्त आहे. मग समाधानाने जेवलो आणि झोपलो.

सकाळी चहा कोरा आला.

"दूध?"

"यल्लाप्पा आला न्हाय," आक्का म्हणाली. "गोठ्याला आतनं कडी घालून बसलाय. गवा आलाय न्हवं!"

"गवा? कुठे?"

"तालमीच्या मागं. टाकीपाशी."

वाचकहो, तुम्ही हसाल. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो अभिमानाचा! काय अंदाज माझा! जे काल लिहिले, ते आज घडले! मी तत्परतेने खिडकी लावली, दाराला आडणा घातला आणि आक्काला म्हणालो, "दुपारपर्यंत बाहेर पडू नकोस."

"तेच लिवलंय की ह्यात," असे म्हणून आक्काने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

दोन स्तंभ. ठसठशीत मथळा. नटासह बोल्ट.

चित्र माझे होते! सूचना मात्र त्याच्याबरोबर नव्हती. चित्र बिचारे एकटेच कोणा पालकाच्या बोटावरून निघाले आणि मावशीकडून मामाकडे, मामाकडून मंडळाकडे करत गावभर हिंडून आमच्याच घरी मुक्कामाला परत आले होते.

"आक्का, हे मी लिहिले आहे!"

आक्काने माझ्याकडे नीट पाहिले. "एवढं चांगलं? न्हाय वाटत."

अकराला पेपर होता. मी तसाच चौकात धावलो. तिथे तालमीची पोरे काठ्या आणि हलगी घेऊन मोर्चा बांधून उभी होती, आणि त्यांचा म्होरक्या सम्राट गळ्यातली शिट्टी फुंकत होता.

"काका, घरात! घरात व्हा!"

"अरे सम्राट, गवा नाही! ती बातमी मी लिहिली आहे!"

"व्हय, व्हय. आणि पंचगंगेवरचा पूल म्या बांधलाय. काका, बीपीची गोळी घेतलाय न्हवं सकाळची?"

"अरे, मुलांच्या परीक्षेसाठी नमुना म्हणून लिहिली!"

"काका, इंग्रजीत आलंय! इंग्रजीत कोण खोटं लिवतंय व्हय? आणि ह्यो फोटो बघा." त्याच्या मोबाइलवर खरोखरच एक गवा होता. मागे नारळाची झाडे आणि चक्क समुद्र!

"हा समुद्र आहे, सम्राट!"

"पंचगंगा हाय ती. पाणी वाढलंय."

"मार्चमध्ये?"

"काका, इषय हार्ड हाय. तुम्ही वाद घालू नका."

तेवढ्यात यल्लाप्पा गोठ्याच्या खिडकीतून ओरडला, "म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय! ही एवढी शिंगं! पायात पांढरं मोजं घातल्यागत! आणि संगं पिल्लू बी हाय!"

"पिल्लू? माझ्या बातमीत पिल्लू नाही!"

"तुमच्या बातमीत नसंल. टाकीपाशी हाय!"

जन्मभर तपासणी केलेल्या माणसाने यावर काय करावे? मालच अस्तित्वात नाही, आणि हा त्याचे जोडभागही मोजून देतो! मी त्याच्याशी बोलणे सोडले आणि शबनूरच्या घरी गेलो. तिथे पाहतो, तर दाराला आतून कुलूप. खिडकीत शबनूर, अंगावर गणवेश, हातात प्रवेशपत्र, डोळे लाल.

"सर, अम्मी सोडंना झाल्या! नमुना हाय म्हटलं, तरी ऐकंनात!"

मागून मेहमुदाभाभी आल्या. "कशी सोडू? दुपारपतोर घराभाईर पडू नका, असं लिवलंय. शबनूरनंच वाचून दाखवलं काल."

"भाभी, तो नमुना होता. गवा खोटा आहे."

"खोटा? सर, दुसऱ्या कुणाचं असतं तर मी चुलीत घातलं असतं ते. तुमच्याकडनं आलं, म्हणून इश्वास ठेवला! तुम्ही नळाला पाणी किती वाजता येणार ते सांगितलं, तरी मी घड्याळ लावून घेते. आणि आता म्हणताय खोटं?"

"होय. खोटे. मी लिहिलेले."

"म्हणजे काल खोटं बोललाय, का आज बोलाय लागलाय?"

मी खिडकीतून मनगटावरचे घड्याळ पुढे केले.

"अम्मी, माझं वरीस जाईल की गं!" शबनूर रडकुंडीला आली. "पेपर बुडाला तर नापासच!"

"वरीस गेलं तर परत येतंय. पोरगी येत न्हाय." मेहमुदाभाभींचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. किल्ली त्यांच्या मुठीत होती. मला प्रथमच कळले, की माझे पाच गुणांचे उत्तर त्या बाईच्या छातीवर खऱ्या गव्यासारखे उभे आहे. रिक्षा तर एकही यायला तयार नव्हती. घड्याळ मात्र नेहमीच्या वेगाने चालले होते.

इतक्यात वनविभागाची जीप आली. हिरव्या गणवेशातली एक तरुण वनरक्षक खाली उतरली. छातीवरच्या पट्टीवर नाव होते दीप्ती. मागे दोन माणसे जाळे घेऊन.

"पहिल्यांदा कुणी बघितला?" तिने विचारले.

सगळ्यांनी यल्लाप्पाकडे बोट केले. यल्लाप्पाने सम्राटकडे केले. सम्राटने मोबाइल पुढे केला. "मॅडम, बातमी हाय की!"

"बातमी कुणाची?"

मी हात वर केला. शाळेत करत असे, तसा.

"मॅडम, गवा नाही. ते दहावीच्या इंग्रजीचे नमुना उत्तर आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण आधी या मुलीला केंद्रावर पोचवा!"

दीप्तीने मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिले. "काका, सकाळधरनं चाळीस फोन आलेत हापिसात. आमचे साहेब आंघोळ अर्धी टाकून निघालेत. आणि तुम्ही म्हणताय, नमुना?"

मी उत्तर देणार, तोच सम्राटच्या पोरांना जीप पाहून चेव आला. त्यांनी हलगी कडाडवली, एकाने फटाक्यांची माळ लावली, आणि सकाळपासून न पिळलेली, चारा न मिळालेली, कोंडून घातलेली यल्लाप्पाची म्हैस दावे तोडून, दार मोडून बाहेर आली!

"आला! आला रं आला!"

पुढची दोन मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही. तालीम पांगली. शिट्टीवाला सम्राट दुधाच्या किटल्यांमागे लपला. यल्लाप्पा जिवाच्या आकांताने ओरडत होता, "आरं, म्हस हाय! माझी म्हस हाय!" पण पिल्लासह गवा पाहणाऱ्या माणसावर आता कोण विश्वास ठेवणार? म्हैस सरळ माझ्या दिशेने आली. वनविभागाच्या माणसांनी नेम धरून जाळे फेकले. म्हैस चपळाईने बाजूला झाली. मी झालो नाही.

जाळ्यातून मला एवढेच दिसले, की म्हैस मेहमुदाभाभींच्या खिडकीपाशी थांबली, तिने मान आत घातली आणि हंबरली. मग भाभींचा आवाज चौकभर घुमला.

"या अल्ला! ही तर यल्लाप्पाची! हिचं दूध पितोय की आम्ही रोज! हिच्यासाठी कोंडून घातलं व्हय मी लेकराला?"

कुलूप खडाखडा उघडले. भाभी एका हाताने शबनूरला ओढत आणि दुसऱ्या हाताने म्हशीला ढकलत बाहेर आल्या आणि थेट जीपमध्ये जाऊन बसल्या. "मॅडम, चला! मोकळ्या जीपनं परत जाण्यापरास पोरगी तरी पोचवा!"

दीप्ती हसली. "चला मावशी. आणि काका, तुम्ही संध्याकाळी हापिसात या. लेखी खुलासा घेऊन. मराठीत लिवा!"

मला जाळ्यातून सोडवायला आक्का आली. तिने प्रत्येक गाठ सोडताना एकेक वाक्य ऐकवले. ती वाक्ये इथे देण्यासारखी नाहीत. मग मी स्कूटर काढली आणि केंद्र गाठले. जीप फाटकापाशी उभी होती, आणि शबनूर फाटकाच्या आत होती!

पुढचे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. शबनूर उत्तीर्ण झाली, इंग्रजीत चांगले बासष्ट गुण मिळवून. आणि आता ती पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. पण हे त्या दिवशी मला कुठे ठाऊक होते? मी फाटकासमोरच्या झाडाखाली पूर्ण तीन तास उभा होतो.

घंटा झाली. शबनूर बाहेर आली. मी प्रश्नपत्रिका जवळजवळ हिसकावली. सहावा प्रश्न. बातमीलेखन. आणि मथळा कोणता दिला होता? 'वन्य प्राणी शहरात शिरला'!

"आला! शबनूर, गवा आला!" मी आनंदाने ओरडलो. शेजारचे दोन पालक उडी मारून रिक्षात चढले.

"दिसला सर," ती म्हणाली.

"मग? मथळा, तारीख, वार्ताहर, आवाहन? सगळे उतरवलेस ना?"

ती चपलेने माती उकरू लागली. "न्हाय सर. अम्मीनं जीपमध्ये शपथ घातली. म्हणाल्या, पेपरात काय बी लिव, बातमी तेवढी लिवायची न्हाय."

मी प्रश्नपत्रिका तिच्यासमोर धरली. "अगं, पाच गुण! आयते! प्रश्न सोडून दिलास?"

"सोडला न्हाय सर. त्याला पर्याय व्हता की, गोष्ट लिवायची. ती लिवली. दीड पान!"

"गोष्ट? गोष्टीचा पॅटर्न तर मी शिकवलाच नव्हता! कुठून आणलीस?"

"आज सकाळचंच सगळं लिवलं, सर. जसं झालं, तसं. अगदी खरं खरं. वाचणाऱ्याला खोटंच वाटंल, पण गोष्टीत चालतंय न्हवं?"

मी स्कूटरच्या सीटवरची धूळ पुसली. ती आधीच पुसलेली होती.

"त्यात मी आहे का?" मी शक्य तितक्या सहज विचारले.

"हाय की सर!" शबनूर मनापासून म्हणाली. "शेवटाला. जाळ्यात."