चेअरमनच्या टाकीच्या पिशव्या

जितेंद्र बडगुजरला नऊ मासे पंधरा दिवस जिवंत ठेवायचे होते आणि त्या बदल्यात जळगाव मिळवायचं होतं. सौदा कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण जितेंद्रच्या डोक्यात तो पक्का झाला होता. पतसंस्थेच्या जळगाव शाखेतले पंडित महिनाअखेर निवृत्त होत होते, म्हणजे खुर्ची रिकामी. बायको नूतनची शाळा जळगावात, आई कुंदाबाई जळगावात, म्हणजे घर तयार. धुळ्याच्या खानावळीतली रोजची पिवळी भाजी बंद. गेली पाच वर्षं दर शनिवार-रविवारी चाललेलं एस.टी.चं भाडं बंद. एवढं सगळं जमेला, आणि खर्चाला फक्त नऊ मासे. सौदा इतका स्वस्त होता, की कारकुनी डोक्याच्या माणसाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मासे चेअरमन चुडामण आबांचे. आबा म्हणजे आलेल्या पाकिटांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर ठराव लिहिणारा माणूस. त्यांनी दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवली, कारण रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मासे पाहत बसलं की बरं वाटतं. गोळ्यांचा खर्च वाचेल म्हणून आणलेल्या टाकीत आता नारिंगी पट्ट्यांचे मासे, फुलासारखे उघडमिट करणारे कोरल आणि गोळ्यांच्या दहापट खर्च होता. पण तो आबांनी एकदाही मोजला नव्हता. माणसाची एखादी जागा अशी असतेच.

आबा पत्नी सुनंदाबाईंसह पंधरा दिवस मुलीकडे बंगळुरूला निघाले, तेव्हा त्यांनी आधी तोताराम बोरसेला विचारलं. तोही जळगावच्या रांगेत होता. तोताराम म्हणाला, "आबा, मला माशांची भीती वाटते." धुळ्याची सगळी मुख्य शाखा हसली. जितेंद्र लगेच पुढे झाला.

आबांनी त्याला टाकीखालचं कपाट उघडून दाखवलं. वरचं पाणी नळीतून खाली येतं, गाळणीतून जातं, मग फेस काढणाऱ्या यंत्राजवळून फिरून पुन्हा वर चढतं. गाळण्या दोन प्रकारच्या होत्या. एक, कापसाच्या गादीसारखे पांढरे चौकोन, घाण झाले की फेकायचे. दुसऱ्या, जाड नमद्याच्या, मोज्यासारख्या लांब पिशव्या, तोंडाला प्लास्टिकची कडी. त्या धुऊन पुन्हा वापरायच्या.

"पंधरा चौकोन आहेत," आबा म्हणाले. "रोज एक. आणि या आठ पिशव्या, अडीअडचणीला."

जितेंद्रनं ऐकलं, आणि त्याच्या मनात एक हुशारी आली. रोज नव्वद रुपयांची वस्तू कचऱ्यात. तेही आबांच्या घरात. पिशव्यांवर भागवलं आणि आबा आल्यावर पंधराच्या पंधरा चौकोन परत मोजून दिले, तर बदलीच्या अर्जावर सही करताना आबांचा हात थरथरणारसुद्धा नाही.

टाकीचं सामान पुरवणाऱ्या फारुखला त्यानं ही युक्ती सांगितली. फारुख टाक्या लावून केस पांढरे केलेला माणूस.

"जितूभाऊ, फेकायचेच वापर," तो म्हणाला. "धुण्याचं काम दिसतं सोपं. साबण चालत नाही, सोडा चालत नाही. पिशवी उलटी करायची, जोरदार धारेखाली धरायची, सुकवायची. एवढं पाणी आहे तुझ्या खोलीवर?"

"करतो मी काहीतरी."

"काहीतरी नको करू. बस, फेक."

खोलीवर घरमालक दिवसाला दोन बादल्या पाणी देत होता. त्यातली एक आंघोळीला आणि दुसरीत बाकीचं सगळं. त्यामुळे सोमवार ते शनिवार सहा पिशव्या वापरून झाल्या, आणि सहाही जितेंद्रनं प्लास्टिकच्या थैलीत बांधून शनिवारी दुपारच्या जळगाव गाडीत नेल्या. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पारोळ्यापर्यंत शेजारचे दोघं उठून मागं गेले. पारोळ्याला कंडक्टर आला.

"काय शे हो भाऊ थैलीमा?"

"साहेबांचं सामान आहे. धुवायला नेतोय."

"कोनता साहेब?"

"आमचे चेअरमन."

कंडक्टरनं थैलीकडे पाहिलं, मग जितेंद्रकडे. "जित्ता शे ना?"

घरी त्याहून नाजूक प्रश्न होता. कुंदाबाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मासे म्हटलं असतं तर थैली उंबऱ्याबाहेरच राहिली असती आणि जितेंद्रही. म्हणून तो म्हणाला, "साहेबांच्या घरच्या गाळण्या आहेत, आई. नुसत्या पाण्यानं धुवायच्या. साबण लावायचा नाही."

"असा वास मारी ऱ्हायना, आनि साबन नई? मंग धोवानं कसाले?"

"सांगितलं तेवढं कर ना."

"बरं," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांचं 'बरं' म्हणजे काय, हे जितेंद्रला लहानपणापासून माहीत होतं. पण ताटात शेवभाजी आली आणि त्यानं पुढं काही विचारलं नाही.

रविवारी तो उशिरापर्यंत झोपला. उठला तेव्हा गच्चीवर कुंदाबाई, शेजारच्या वच्छलाबाई आणि नूतन यांची कुरडया घालण्याची धांदल उरकत आली होती आणि दोरीवर पिशव्या वाळत होत्या. इतक्या पांढऱ्या, की उन्हात डोळे दिपत होते. जितेंद्रनं समाधानानं मोजल्या. पाच भरल्या.

"एक कुठं गेली?"

"वच्छलाबाई लई गयी. दी देई परत," कुंदाबाई म्हणाल्या. वच्छलाबाईंना गाळणी कशाला हवी, हे त्यानं विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

सोमवारी सकाळी नऊला त्यानं एक शुभ्र पिशवी गाळणीच्या जागी बसवली, माशांना दाणे टाकले आणि शाखेत गेला. साडेबाराला आबांच्या बंगल्यावर काम करणाऱ्या शेवंताबाईंचा फोन आला.

"दादा, तुमची टाकी उतू गेली."

"उतू कशी जाईल? दूध आहे का?"

"दिसतंय तरी दुधासारखंच."

तो धावत पोहोचला तेव्हा कपाटाच्या दारातून फेस बाहेर येत होता. आबांच्या गालिच्यावर त्याचा गुडघ्याएवढा ढीग झाला होता आणि हळूहळू सोफ्याकडे सरकत होता. फेस काढणाऱ्या यंत्राला आयुष्यात पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालं होतं. वर पाणी ताकासारखं झालं होतं. कोरल मिटून सुपारीएवढे झाले होते. नऊ मासे वर येऊन तोंडं उघडत होते, आणि जितेंद्रला प्रत्येक तोंडात जळगाव शाखेची रिकामी खुर्ची दिसत होती.

फारुख दहा मिनिटांत आला. त्यानं आधी यंत्र बंद केलं, मग पिशवी काढून बोटांत चोळली.

"साबण," तो म्हणाला. "आणि नीळ." मग त्यानं ती नाकाला लावली आणि पहिल्यांदाच गोंधळला. "हे पीठ कशाचं? मी बावीस वर्षं टाक्या लावतो, भाऊ. पिशवीत पीठ आजच पाहतोय."

जितेंद्रनं आईला फोन लावला.

"आई, पिशव्या कशानं धुतल्या?"

"पानीघाई."

"नुसत्या?"

"पानी, मंग सोडा, मंग साबन. जराशी नीळ."

"साबण नको म्हटलं होतं ना?"

"तू म्हने. मना नाकनी आयकं नई."

"आणि पीठ कसलं आहे त्यात?"

"पीठ नई, चीक शे." कुंदाबाईंचा आवाज एकदम खुलला. "तीन दिवसना भिजेल गहू, तेना चीक त्याच गाळन्यामा गाळा. इतका बारीक चीक उभा जल्ममा गळना नई. वच्छलाबाई तं म्हने, एक माले दे. कोठे भेटतीस रे या?"

जितेंद्रनं डोळे मिटले. "आई, त्या माशांच्या टाकीच्या आहेत."

मग फोन नूतनकडे गेल्याचा आवाज आला.

"अहो, काय सांगितलंत त्यांना? त्या कुरडयांकडे पाहत बसल्यात नुसत्या."

"फेकून द्या म्हणावं त्या कुरडया."

"सहा किलो गहू होते," नूतन म्हणाली. "फेकायचं तुम्हीच येऊन सांगा."

पुढचे तीन दिवस फारुखनं टाकी वाचवली आणि जितेंद्रनं त्याचे पैसे दिले. अर्धं पाणी उपसून नवं घालायचं, म्हणजे शुद्ध पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं. ते मीठ किराणा दुकानात मिळत नाही, अठ्ठावीसशेची बादली येते. साबण ओढून घ्यायला कोळशाच्या पुड्या सहाशेच्या. आणि पाण्यातला चीक धरायला ते फेकायचे चौकोन, दर तीन-चार तासांनी एक. बुधवारी रात्रीपर्यंत पंधराच्या पंधरा कचऱ्यात गेले. मग आबांना परत मोजून द्यायला जितेंद्रनं फारुखकडूनच नवे पंधरा घेतले, तेराशे पन्नासला. फारुखची मजुरी पाचशे.

"मी आधीच म्हटलं होतं, फेकायचे वापर," फारुख पैसे मोजत म्हणाला.

"वापरले ना. सगळे."

गुरुवारी कोरल उघडले. नऊ मासे नऊच राहिले. उरलेले दिवस जितेंद्रनं पिशव्या आंघोळीच्या बादलीत, साबणाविना, स्वतः धुतल्या आणि स्वतः आंघोळीविना राहिला.

त्या रविवारी जळगावहून निघताना कुंदाबाईंनी त्याच्या हातात कुरडयांचा मोठा डबा ठेवला.

"हे काय?"

"मी काय खानार नई. वच्छलाबाईले बी देनार नई, पाप लागी. मासा चेरमनना, पिशव्या चेरमनन्या, मंग कुरडया बी तेन्याच. दी टाक तेले."

"आई, हे चेअरमनला द्यायचं?"

"तो खास ना मासा?"

आबा मासे खात होते, हे खरंच होतं. डबा वाटेत कुठंतरी सोडून द्यायचा असं त्यानं ठरवलं, पण त्याच कंडक्टरच्या नजरेखाली बेवारस डबा ठेवायची त्याची छाती झाली नाही. सोमवारी सकाळी बंगल्याच्या किल्ल्या द्यायला तो गेला तेव्हाही डबा हातातच होता. आबा आणि सुनंदाबाई पहाटेच पोहोचले होते.

आबांनी पहिल्यांदा मासे मोजले. मग खण उघडून चौकोन मोजले. मग पुन्हा मोजले.

"पंधरा ठेवले होते."

"हो, आबा. पिशव्यांवरच भागवलं."

आबांनी खण बंद केला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत जितेंद्रला सहीची शाई दिसली. "डबा कशाचा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, घरच्या कुरडया..."

सुनंदाबाईंनी डबा घेऊनसुद्धा टाकला. पाच मिनिटांत आतून तळणीचा वास आला, आणि त्या वासात जरासा समुद्र होता.

"जितेंद्र," आबा म्हणाले, "पंडितच्या जागेवर मी तोतारामला पाठवतोय. ज्याला नऊ मासे सांभाळवत नाहीत, त्याला मुख्य शाखेत ठेवून काय करू? तू मला इथं पाहिजेस."

जितेंद्रला क्षणभर कळलंच नाही की आपण काय कमावलं. कळलं तेव्हा त्याच्यासमोर एकच वाट उरली होती, आपण नालायक आहोत हे सिद्ध करण्याची.

"आबा, मी टाकी बिघडवली होती," तो म्हणाला. आणि त्यानं सांगून टाकलं. पिशव्या, साबण, नीळ, गालिच्यावरचा फेस, फारुख, मीठ, कोळसा, नवे चौकोन. "खोटं बोललो मी. पंधराही चौकोन संपले होते."

सुनंदाबाईंनी तळलेल्या कुरडयांची ताटली आणून ठेवली. आबांनी एक तोंडात टाकली आणि शांतपणे चावली.

"किती गेले?"

"पाच हजार दोनशे पन्नास."

"तुझ्या खिशातले?"

"हो."

"आणि मला कधीच कळलं नसतं."

"नसतं कळलं, आबा."

आबांनी आणखी एक कुरडई घेतली. "बावीस वर्षं चेअरमन आहे मी. नुकसान करायचं, पदरचं भरायचं आणि वर येऊन सांगायचं, हे अजून संचालकांनीही केलेलं नाही. असा माणूस जळगावला पाठवून वाया घालवू? उद्यापासून तू हेड कॅशियर. पगार पुढच्या वर्षी बघू."

"आबा, माझं घर..."

"आणि टाकीही तुझ्याकडेच." आबा आता तिसरी कुरडई उजेडात धरून पाहत होते. "पिशव्या मात्र तुझ्या आईच्याच हातच्या. इतक्या पांढऱ्या आमच्याकडे कधी झाल्या नाहीत. साबण तेवढा नको म्हणावं. दर शनिवारी ने, सोमवारी आण. अरे, या कुरडईत काय घालतात त्या? सुक्या कोळंबीसारखी चव येते."

जितेंद्र सगळं कबूल करून बसला होता. एवढं एकच राहिलं होतं, आणि तेवढं मात्र त्याला सांगवलं नाही. "हाताचा गुण," तो म्हणाला.

"मग डबा दर महिन्याला येऊ दे. आणि पिशव्या सातच दिसतात. आठवी?"

"जळगावला राहिली."

"शनिवारी आण."

हिशेब असा मिटला. नऊ मासे नऊच राहिले. आबांना पंधरा चौकोन, एक कॅशियर आणि कुरडया मिळाल्या. फारुखला पाच हजार दोनशे पन्नास मिळाले. वच्छलाबाईंना चिकाची गाळणी मिळाली. आठवी म्हणून आबांना दाखवायला जितेंद्रनं फारुखकडून साडेचारशेची नवी घेतली, कारण वच्छलाबाईंनी जुनी द्यायला साफ नकार दिला. तोतारामला एका वाक्यात जळगाव मिळालं.

शनिवारी दुपारी थैली घेऊन जितेंद्र गाडीत बसला. शेजारची जागा आपोआप रिकामी झाली. पारोळ्याला कंडक्टर आला, थैलीकडे पाहून थांबला.

"बरा शे ना चेरमन?"

"बरा आहे."

"मंग आते दर शनवारले का?"

"दर शनिवारी."

"मंग पास काढी ल्या ना भाऊ," कंडक्टर म्हणाला. "सस्ता पडी."