खवली वर का येईना

एका जंगलात, मुलांनो, झाडं संपली की लगेच समुद्र सुरू व्हायचा. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना घाबरायला दोन जागा होत्या.

त्या जंगलात खवली राहायची. ती खवल्या मांजराची मुलगी. खवल्या मांजर कसं दिसतं? अननसाला चार पाय आणि एक लांब शेपटी फुटली तर दिसेल तसं. धोका दिसला की ते अंगाचं मुटकुळं करतं आणि श्वास कोंडून पडून राहतं. वाघ आला की हे उपयोगी पडतं. खवली मात्र घरी पाहुणे आले तरी मुटकुळं करायची. हजेरीला नाव पुकारलं तरी करायची. टिटवीबाई तिच्या नावापुढे अंदाजाने 'हजर' लिहायच्या.

मागच्या वर्षी तिला भाषणाला उभं केलं होतं. 'सन्माननीय व्यासपीठ' एवढं म्हणून तिने मुटकुळं केलं, ती मंचावरून घरंगळली आणि प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन थांबली. पाहुणे म्हणजे अस्वल. अस्वलाला वाटलं, सत्कार सुरू झाला. त्याने तिला दोन्ही हातांनी स्वीकारलं आणि ते फोटोसाठी हसलं.

हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

यंदा सिंहमहाराजांनी 'लाजाळूपणा निर्मूलन पंधरवडा' जाहीर केला. महाराज स्वतः कधीच लाजले नव्हते, त्यामुळे या विषयातलं त्यांना सगळं कळायचं. हुकूम असा होता: प्रत्येक लाजाळू विद्यार्थ्याने एक धाडस करावं, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसावं. धाडसं दोन. एक, सगळ्या शाळेपुढे पाच मिनिटं भाषण. दोन, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी दहा मिनिटं.

दुसरं धाडस नुसतं कागद भरावा म्हणून लिहिलं होतं. खवलीने त्याच्यापुढेच खूण केली.

"अगं, चुकून दुसऱ्या चौकोनात खूण झालीये तुझी," टिटवीबाई म्हणाल्या.

खवलीने नकारार्थी मान हलवली.

"भाषणात कुणी बुडत नाही, बाळ."

बुडतं, खवली मनात म्हणाली.

घरी आईने विचारलं, "पोहायला तरी येतं का तुला?"

"पोहायचं नाहीये, आई. बुडायचंय. आणि तोंडात नळी असते. बोलताच येत नाही."

"मग जा," आई म्हणाली. तीही खवल्या मांजरच होती.

बुडी शिकवायला एक पाणमांजर होतं. सगळे त्याला दाजीकाका म्हणत.

"नियम एकच गो," दाजीकाका म्हणाले. "श्वास कोंडायचा नाय. घेत राहायचा, सोडत राहायचा. आणि मुटकुळं करायचं नाय."

"हे दोन झाले," खवली पुटपुटली.

"एक सगळ्यांसाठी. एक तुझ्यासाठी."

मग त्यांनी तिच्या कमरेला शिशाचा जड पट्टा बांधायला घेतला, म्हणजे ती नीट बुडेल. तिच्या खवल्यांकडे पाहिलं आणि पट्टा परत ठेवला.

पहिला धडा गुडघाभर पाण्यात होता. खवलीने नळी तोंडात धरली, पाण्यात डोकं घातलं, आणि समोर एक खेकडा तिच्याकडे पाहत होता. तिचं मुटकुळं झालं. नळी निसटली. ती गोट्यासारखी तळाला लागली. दाजीकाकांनी तिला काखेत धरून वर आणलं.

"खेकडा आहे तो. परीक्षक नाय."

दुसऱ्या दिवशी ती शिंपल्याला लाजली. शिंपला आपल्याकडे पाहत नाही हे तिला तिसऱ्या दिवशी पटलं. चौथ्या दिवशी कान दुखले. कान दुखले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं असतं. खवलीचं नाक इतकं लांब, की चिमूट नेमकी कुठे धरायची यातच दुपार गेली.

परीक्षेच्या दिवशी सगळी शाळा होड्यांमध्ये बसून आली. टिटवीबाईंनी वाळूचं घड्याळ आणलं होतं. वक्तृत्वात दरवर्षी पहिला येणारा ससाही आला होता.

"तुझं सोपं आहे," ससा म्हणाला. "घाबरलीस की आपोआप तळाशी पोचशील."

खवली नळी तोंडात घालून होडीचा दोर धरत धरत दाजीकाकांसोबत खाली गेली. त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

तळाशी तारली माशांचा थवा होता. सगळ्या तारल्या एकदम वळल्या. शेकडो डोळे. खवलीचा श्वास कोंडला आणि शेपटी हनुवटीकडे निघाली.

दाजीकाकांनी तिच्या पाठीवर टकटक केलं. तिने श्वास सोडला. बुडबुडे वर गेले. तारल्यांनी थोडा वेळ बुडबुडे पाहिले आणि त्या आपल्या कामाला निघून गेल्या.

'बोल ना, घाबरू नकोस' असं कुणीही म्हणालं नाही. एक मोठा मासा जवळ आला. तो सारखं तोंड उघडत होता, मिटत होता, आणि काहीच बोलत नव्हता. खवलीला तो फार आवडला. तिची शेपटी सरळ झाली.

दहा मिनिटं झाली. दाजीकाकांनी वर जायची खूण केली. खवलीने वर पाहिलं. होड्यांच्या कडांवरून सगळी शाळा खाली वाकली होती. तिने मान हलवली. नाही.

पंधरा मिनिटं. नाही. पंचवीस. दाजीकाकांनी टाकीचा काटा तिच्या डोळ्यांसमोर धरला. मग मात्र तिला निघावं लागलं. वर येताना अंगाला सवय व्हावी म्हणून वाटेत तीन मिनिटं थांबायचं असतं. ती आनंदाने थांबली. अजून तीन मिळतील का, असं तिने बोटांनी विचारलंसुद्धा.

"तेहतीस मिनिटं," टिटवीबाई ओरडल्या. "जंगलातला विक्रम."

किनाऱ्यावर मंच तयारच होता. खवलीला शाल मिळाली, नारळ मिळाला. सशाने 'धाडस' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. त्याचे पाय अजून कोरडे होते. मग टिटवीबाई म्हणाल्या, "आणि आता आपली खवली दोन शब्द बोलेल."

हुकुमात हे लिहिलेलं नव्हतं.

खवली माईकपुढे उभी राहिली. शेपटी हनुवटीला टेकली. पहिल्या रांगेतल्या अस्वलाने मांडी सावरून घेतली.

"श्वास, गो," मागून कुणीतरी म्हणालं.

खवलीने श्वास घेतला. सोडला. माईकमधून तो लाटेसारखा ऐकू आला. तिने पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

"खाली कुणी बोल म्हणत नाही," खवली म्हणाली. "म्हणून मी वर येत नव्हते."

आणि ती खाली बसली.

टाळ्या थांबेनात. पाऊण तास वाळूवर बसून सगळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. सिंहमहाराज उठून उभे राहिले.

"इतकं चांगलं भाषण मी आजवर ऐकलं नाही," ते म्हणाले. "इतकं छोटं. पुढच्या महिन्यात बारा जंगलांची वक्तृत्व स्पर्धा आहे. आपल्याकडून खवली बोलेल."

खवलीने हळूच मागे पाहिलं.

"दाजीकाका," तिने विचारलं, "टाकीत थोडी हवा उरलीये का?"

तात्पर्य: लाजाळू मुलांनी धाडस करू नये. केलंच, तर त्यात नापास व्हावं. कारण धाडसानंतर सत्कार होतो आणि सत्कारानंतर दोन शब्द बोलावे लागतात. त्यापेक्षा वाघ बरा. तो निदान अनुभव सांगायला लावत नाही.