मेलेआनेमावशीचं डुक्कर

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एल्डर विडमरनं मेलेआनेमावशीच्या डुकराची तोंड भरून तारीफ केली आणि बाराच्या आत ते डुक्कर विडमरच्या स्वतःच्या अंगणात उभं होतं. मधल्या तासाभरात नेमकं काय घडलं, ते त्याला धड कळलंही नव्हतं.

एल्डर म्हणजे ज्येष्ठ. हा ज्येष्ठ एकोणीस वर्षांचा होता, आठवड्यातून दोनदा दाढी केली तरी त्याचं भागायचं, आणि अमेरिकेतल्या आयडाहोमधलं घर सोडून त्याला तीनच महिने झाले होते. मॉर्मन घरातली मुलं या वयात दोन वर्षं धर्मप्रचाराला निघतात. चर्च धाडील तिकडे जायचं, तिथं आवडनिवड कुणी विचारत नाही. विडमरच्या वाट्याला प्रशांत महासागरातलं टोंगा आलं आणि त्यातही हापाई बेटांपैकी एक लहानसं बेट. पांढरा सदरा, टाय, खाली लुंगीसारखा काळा तुपेनू आणि त्यावर कमरेला गुंडाळलेली चटई, अशा थाटात तो रोज जोडीदाराबरोबर सायकलवरून गाव पालथं घालत असे. जोडीदार एल्डर फोतू टोंगाचाच, राजधानीकडचा. अंगानं दरवाजाएवढा आणि शब्द खर्चायला महाकंजूष. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही असा मिशनचा नियमच होता.

निघताना आईनं विडमरला एक गोष्ट बजावून सांगितली होती. कुणाच्या दारात गेलास की आधी तिथलं काहीतरी बघ आणि त्याबद्दल चार शब्द चांगले बोल, म्हणजे माणसं मोकळी होतात. मुलगा आज्ञाधारक. पहिल्या घरी तो म्हणाला, हा विणलेला पंखा फार सुंदर आहे. निघताना पंखा त्याच्या हातात. दुसऱ्या घरी चटईचं कौतुक केलं, ती गुंडाळून सायकलला बांधून मिळाली. रस्त्याच्या वळणावर राहणाऱ्या म्हाताऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ काढून दिलं, आणि तेव्हापासून तो म्हातारा वेळ विचारायला यांच्या दारात येऊ लागला. अठरा दिवसांत दोघांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. विडमरनं घरी पत्रात लिहिलं की इथल्या माणसांच्या मायेला तळ नाही, रात्रंदिवस देतच असतात, बघून माझी छाती दडपते. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त आपण मागतोय, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

मेलेआनेमावशी विधवा. घरात दुसरं पुरुषमाणूस नसेल तर एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही हाही नियम, म्हणून दोघं अंगणात फणसाच्या झाडाखाली बसले. घरात शिरले असते तर विडमरनं फार तर पडद्यांची तारीफ केली असती. पण अंगणात नजर जाईल तिथं ते डुक्करच होतं. शेतकऱ्याचा मुलगा तो, त्याला राहवलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मावशी, काय डुक्कर आहे हे. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात असं डुक्कर नाही."

फोतूला ठसका लागला. मावशी क्षणभर गप्प झाली. तिनं डुकराकडे पाहिलं, मग विडमरकडे पाहिलं. मग उठली, झाडाची दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली. विडमरला वाटलं, डुकराला फिरवून आणायचं असेल. तो आनंदानं निघाला.

घरी पोचल्यावर त्यानं विचारलं, "परत कधी नेऊन द्यायचं?"

फोतूनं त्याच्याकडे पाहिलं. "परत कशाला? मागितलंस, मिळालं."

"मी कुठं मागितलं?"

"छान आहे म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग मागणं म्हणजे आणखी काय असतं?"

विडमर मटकन खाली बसला. पंखा, चटई, घड्याळ, केळीचा घड, एका मुलीच्या केसातलं फूलसुद्धा. सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आधी का नाही सांगितलंस, असं त्यानं रडकुंडीला येऊन विचारलं. फोतू म्हणाला की मला वाटलं तू हावरट आहेस. जोडीदाराचं उणं तोंडावर काढू नये, म्हणून मी रोज प्रार्थनेत तुझं नाव घेत होतो. डुकरापर्यंत जाशील असं मात्र वाटलं नव्हतं.

"आणि ते साधं डुक्कर नाही," फोतू पुढं म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं. "ते पेनीचं आहे."

पेनी म्हणजे पेनिसिमानी, मावशीचा एकुलता एक मुलगा. तोही असाच दोन वर्षं धर्मप्रचाराला गेलेला, कॅनडात, बर्फात. तो गेला त्या दिवशी मावशीनं हातभर लांबीचं पिलू आणलं आणि स्वतःच्या ताटातलं काढून वाढवलं. पेनी येणार होता शनिवारी. त्या दिवशी गावजेवण, आणि गावजेवणात डुक्कर नाही म्हणजे परतलेल्या मुलाचं घरात स्वागतच नाही. मावशीकडे दुसरं डुक्कर नव्हतं, आणि विकत घ्यायची तिची ऐपतही नव्हती.

विडमरनं बुधवारी सकाळीच डुक्कर ओढत परत नेलं. मावशीनं कुंपणाशीच काळजीनं विचारलं, आजारी पडलं का? नाही म्हटल्यावर तिचा चेहरा असा उतरला की त्याला पुढं बोलवेना. दिलेलं परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, असं फोतूनं परतीच्या वाटेवर सांगितलं. आधी सांगायची त्याला सवयच नव्हती.

दुपारी विडमरच्या डोक्यात प्रकाश पडला. कौतुक केलं की वस्तू द्यावी लागते ना? मग मावशीनं डुकराचं कौतुक करावं, म्हणजे आपल्याला ते देता येईल. यात खोट कुठंच नव्हती. त्यानं डुकराला अंगाच्या साबणानं आंघोळ घातली, गळ्यात फुलांची माळ घातली आणि मावशीच्या कुंपणालगत सावकाश मिरवत नेलं. मावशी कपडे वाळत घालत होती.

"मावशी, बघितलंत का, कसं दिसतंय?"

मावशीनं वळून नीट पाहिलं. "वाळलंय," ती म्हणाली.

तो पुन्हा वळसा घालून आला. या खेपेला तिला त्याचे कान वाकडे दिसले. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली की इतकं कुरूप डुक्कर मी दोन वर्षं कसं पाळलं कोण जाणे. डोळे मात्र डुकरावरून हलत नव्हते.

गाव ते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं होतं. मावशीनं दिलं आहे, तर मावशीच्या देण्याला धक्का लागता कामा नये, असं कुणी न सांगता ठरून गेलं. गुरुवारी विडमर डुक्कर घेऊन रस्त्याला लागला की दारादारातून माणसं बाहेर येऊन नावं ठेवत. शेपूट सरळ आहे. चाल बायकी आहे. चर्चमध्ये एरवी खोटं बोलणं म्हणजे महापाप मानणारी एक आजी काठी टेकत आली आणि हे डुक्कर नसून मोठी घूस आहे असा निर्वाळा देऊन गेली. एरवी विडमर हसला असता. पण एका बाईचा मान राखायला अख्खं गाव असं कंबर कसून खोटं बोलतंय, हे बघून त्याच्या अंगावर काटा आला.

डुक्कर मात्र नव्या घरी रमलं होतं. त्यानं फोतूचा एक टाय खाल्ला आणि मिशनच्या नियमांची पुस्तिका निम्मी संपवली. जनावरं पाळू नयेत हा नियम त्या निम्म्यात होता. त्याच संध्याकाळी निरोप आला की मिशनचे अध्यक्ष शुक्रवारी खोली तपासायला येत आहेत.

विडमर तसाच उठून मावशीकडे गेला, फोतू अर्थातच मागोमाग. दोघं कुंपणाबाहेरच उभे राहिले. मावशी पायरीवर बसून शनिवारसाठी सुरण सोलत होती. डुकराऐवजी डब्यातलं मटण अळूच्या पानात बांधणार होती. विडमरनं सरळच विचारलं, की मावशी, मला काही कळत नव्हतं, मी परका, एक शब्द बोलून गेलो. तुम्ही नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

मावशीनं सोललेला सुरण पाण्यात टाकला.

"पेनी गेला त्या पहिल्या थंडीत त्याच्याकडे कोट नव्हता," ती म्हणाली. "रस्त्यात एक बाई भेटली. ना ओळख, ना आपल्या चर्चमधली. तिनं अंगातला कोट काढून याच्या अंगावर घातला आणि गेली निघून. नाव पण नाही सांगितलं. तिच्याकडे दुसरा कोट होता का रे?"

"मला काय माहीत, मावशी?"

"मलाही नाही माहीत. दोन वर्षं झाली, रोज विचार करते. तिचं मी फेडणार कुठं? तेवढ्यात तू आलास. तूही कुणाचा तरी पोरगा. तुला नाही म्हटलं असतं तर त्या बाईला काय तोंड दाखवलं असतं?"

 विडमरनं आजवर दारोदार जाऊन देवाबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. सुरणाची सालं झटकणाऱ्या या बाईपुढं त्याला ते सगळं पाठांतर वाटलं. आपण हिला काय शिकवायला आलो आहोत, असं त्याच्या मनात आलं आणि तो मान खाली घालून घरी परतला.

शुक्रवारी अध्यक्ष आले. तेही टोंगाचेच, पिकल्या केसांचे, चालले की जमीन जरा दबावी असे भारदस्त. अंगणात पाऊल टाकताच ते डुकरापुढं थांबले आणि त्याला न्याहाळू लागले. विडमरची पाचावर धारण बसली. नियम मोडल्याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. यांच्या तोंडून चुकून एखादा चांगला शब्द निघाला, तर डुक्कर यांच्या गाडीत घालून द्यावं लागेल आणि मग सगळंच संपलं.

"साहेब, काही बोलू नका," तो हात जोडून म्हणाला आणि त्यानं एका दमात सगळी हकीकत सांगून टाकली.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. डुकराकडे पुन्हा एकदा पाहिलं, आवंढा गिळला आणि म्हणाले, "अगदीच सामान्य डुक्कर आहे." मग त्यांनी विचारलं की उद्याच्या जेवणाला तुम्हाला बोलावणं आहे ना? पाहुण्यानं रिकाम्या हातानं जायचं असतं का? भाजून न्या. पाहुण्यानं आणलेलं ताट कुठली यजमानीण परत पाठवते?

इतकी साधी गोष्ट. विडमरनं फोतूकडे पाहिलं. फोतूला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तू विचारलंच नाहीस," फोतू म्हणाला.

शनिवारी पहाटेपासून खड्ड्यात दगड तापवले. कालपर्यंत ज्यांना शेपूट सरळ दिसत होतं तेच सगळे मदतीला आले. दुपारी दोघा एल्डरांनी केळीच्या पानात झाकलेलं डुक्कर खांद्यावरून मावशीच्या अंगणात आणून उतरवलं. पेनी आला होता. उंच, गोरा पडलेला, आईच्या शेजारी हात कुठं ठेवावेत ते न कळून उभा असलेला. मावशीनं पान उचलून आत पाहिलं.  मग एक तुकडा तोडून मुलाच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे पुसत म्हणाली, "मीठ कमी आहे." सगळ्या अंगणानं सुटकेचा श्वास सोडला आणि लोक जेवायला बसले.

सोमवार हा एल्डरांचा सुट्टीचा दिवस, घरी फोन करण्याचा. फोनला चांगली रेंज मावशीच्या अंगणातच मिळायची. फोनच्या पडद्यावर विडमरची आई आली, स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेली. डुकराची गोष्ट ऐकून ती आधी हसली, कोटाचं ऐकल्यावर तिचा हात थांबला. त्या बाईंना बघू दे म्हणाली. विडमरनं फोन मावशीपुढं धरला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तेवढ्यात पेनी शहाळी घेऊन आला आणि मावशीच्या मागं उभा राहिला.

"हा त्यांचा मुलगा का?" पलीकडून विडमरची आई म्हणाली. "किती देखणा आहे. आणि चेहऱ्यावर किती चांगुलपणा. सांग ना त्यांना, असा मुलगा मी कुठं बघितला नाही."

 फोतू आभाळाकडे बघू लागला.

"काय म्हणते आई?" मावशीनं विचारलं.

"आई म्हणते... त्यांच्याकडे यंदा पाऊस कमी आहे."

पेनी मोठ्यानं हसला. दोन वर्षं कॅनडात काढलेल्या माणसापुढं इंग्रजीचं खोटं भाषांतर टिकणार कसं? त्यानं वाकून आईच्या कानात खरं काय ते सांगितलं.

मावशी गप्प झाली. मंगळवारी झाली होती तशीच. तिनं मुलाकडे पाहिलं. दोन वर्षांनी परवाच घरी आला होता, अजून त्याच्या पिशवीतले कपडेही बाहेर काढले नव्हते. विडमरला वाटलं, आता ही थट्टेवारी नेईल. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"सांग तिला," ती म्हणाली, "घेऊन जा म्हणावं. आजपासून हा पोरगा तुझा. उन्हाळ्यात तुझ्या शेतावर पाठवते, भरपूर काम करतो. पण एक सांग. तुझा पोरगा इथं आहे, तो मी ठेवून घेतला. त्याची काळजी करायची नाही."

विडमरनं एकही शब्द न गाळता भाषांतर केलं.   पडद्यावर नुसती स्वयंपाकघरातली हातपुसणी लटकलेली भिंत दिसत होती, कारण त्याच्या आईनं फोन टेबलावर टेकवून ठेवला होता आणि ती तोंड फिरवून बाजूला झाली होती.

मग ती परत आली, नाक पुसलं, आणि तिनं विचारलं, पेनीला बटाटे चालतात का.