डोळे भरून पाहिलेली दरी

मिटलेल्या पापण्यांच्या आत उन्हाचा रंग नारंगी दिसतो.

बाराव्या मजल्यावर वारा फुकट मिळतो, असं बिल्डर सांगतो.

घारीचा आवाज रडून दमलेल्या बाळासारखा असतो.

"उंची? अहो, उंचीवरच तर आपलं पोट आहे!"

हे शेवटचं वाक्य एका लिफ्ट मेकॅनिकने लग्नाआधीच्या पहिल्याच भेटीत फेकलं होतं. मुलगी भाळली, लग्न झालं, संसार मजेत चालला. फक्त एक बारीकशी गोष्ट सांगायची राहून गेली. लिफ्टच्या शाफ्टमध्ये अंधार असतो, म्हणून त्याचं निभायचं. उजेडात तो साध्या स्टुलावर चढला, तरी त्याचे पाय ओल्या पुठ्ठ्यासारखे व्हायचे!

आणि आता बायकोने बाराव्या मजल्यावरचं घर शोधून काढलं होतं. "तुमच्यासाठीच हो! तुम्हाला उंचावर आवडतं ना?" सोमवारी बिल्डरला होकार कळवायचा होता. त्याआधी रविवारी दरीच्या काठाने दिवसभराची पायी सहल! "तेवढाच सराव," ती म्हणाली. नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचा तोरा मातीत. हो म्हणावं, तर जन्मभर बाल्कनीकडे पाठ करून जेवायचं!

त्याने बेत आखला. काळा गॉगल लावायचा, आत डोळे गच्च मिटायचे, बायकोचा हात धरायचा आणि ती नेईल तिकडे जायचं. फक्कड! बायकोनेही स्वतःसाठी नेमका काळाच गॉगल आणला होता. "वर ऊन फार असतं हो." त्याला तिचं कौतुक वाटलं.

गाइड म्हणजे एक तरतरीत पोरगी होती. "काका, काकू, माझ्या मागोमाग या. आता उजवीकडे बघा!"

त्याने उजवीकडे मान वळवली. नारंगी. मऊ, ऊबदार, सगळीकडे पसरलेलं नारंगी.

"अहाहा!" तो म्हणाला.

"काय दिसलं हो तुम्हाला?" बायकोने विचारलं.

आली का पंचाईत! "नदी," तो म्हणाला. दरीच्या तळाशी नदी असणारच की. "शिवणाच्या दोऱ्याएवढी."

"अय्या, हो! आणि काठावर ती पांढरी गाय!"

"कुठली... हां, गाय! शेपटी हलवतेय बघ."

"इथून शेपटी दिसते तुम्हाला?"

"लिफ्टवाल्याची नजर आहे, अगं!"

बायको बालवाडीत शिकवायची. नसलेली वस्तू डोळ्यांपुढे उभी करणं तिच्या हातचा मळ. पण हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं तेव्हा आलं नाही. तिने समोरच्या कड्यात लाल थर पाहिले, त्याखाली जांभळे. त्याने जांभळ्यात गुहा पाहिल्या. तिला एका गुहेच्या तोंडाशी वाळत घातलेली निळी चादर दिसली. त्याने ती वाऱ्यावर सोडली. चादर तरंगत, वळत, खूप वेळ खाली जात राहिली आणि अखेर नदीने ती पांघरून घेतली. गाय मान वर करून बघत राहिली. त्याच्या पायांतला पुठ्ठा कधी नाहीसा झाला, ते त्याला कळलंसुद्धा नाही. इतकी सुंदर दरी त्याने जन्मात पाहिली नव्हती! (खरं सांगायचं, तर अजूनही पाहिली नव्हती.)

दुपारी गाइडने सहलीतल्या सगळ्यांना सावलीत बसवलं. हे दोघं जरा बाजूला टेकले. थोड्या वेळाने शेजारून बूट वाजत गेले. बायको उठलीसं वाटून तो उठला. तो उठलासं वाटून बायको उठली. दोघं हातात हात घालून बुटांमागे निघाले. बूट घरी परतणाऱ्या दुसऱ्याच सहलीचे होते!

बूट पांगले. समोरून एक गरम झुळूक आली.

"दरीचा श्वास!" बायको कुजबुजली.

"काय ही खोली!" त्याने हात पसरले. "पोटात गोळा येतो की नाही? छे, राहावं तर अशा ठिकाणी!"

"राहावंच!" ती म्हणाली. तिचा आवाज का कोण जाणे, कापत होता.

"काका," तिसराच कुणीतरी बोलला, "टेम्पो विकायचा नाहीये."

त्याने डोळे उघडले. नाकापासून वीतभरावर टेम्पोचं तापलेलं तोंड, काचेआड डबा उघडून बसलेला ड्रायव्हर, चहूकडे पार्किंग. आणि शेजारी गॉगल कपाळावर सरकवून, झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळणारी बायको.

"तुम्ही मला कुठे आणलंत?"

"मी? तू आणलंस मला!"

"मी कशी आणेन? माझे तर डोळे..."

ती थांबली. तो थांबला. ड्रायव्हरचा घास थांबला.

"सकाळपासून?" त्याने विचारलं.

"बसमधून उतरल्यापासून. तुम्ही?"

"मीसुद्धा."

"आणि ते उंचीवरचं पोट?"

"शाफ्टमध्ये अंधार असतो गं."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मला खुर्चीवर चढलं तरी घेरी येते! तुमची हौस म्हणून मी बारावा मजला काढला!"

तेवढ्यात गाइड पोरगी धापा टाकत आली. "काका! काकू! किती शोधलं मी! चला, मुख्य कडा अजून राहिलाय."

"नको गं," बायको म्हणाली. "आमची दरी बघून झाली."

"सगळी?"

"गाईसकट," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बायकोने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तळमजल्यावरचं एक घर रिकामं आहे म्हणे. दमट आहे."

"दमट चालेल."

"खिडकीतून नुसती भिंत दिसते."

"भिंतीत काय काय आहे, ते तू सांग. मी हो म्हणत जाईन."

दरीच्या काठाने सगळ्या वाटेवर छातीइतका उंच लोखंडी कठडा आहे.