लिंबाजी मिस्त्रीचा थांबदांडा

लिंबाजी मिस्त्री माणसाला रामराम घालण्याआधी त्याची बोटं मोजतो. चोरून नव्हे, राजरोस. समोरच्याचे दोन्ही हात आपल्या काळ्या तळव्यांवर घ्यायचे, अंगठ्यापासून सुरुवात करायची आणि शेवटी "धा हायत, बसा" असा निकाल द्यायचा. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यानं नवरदेवाचीच मोजणी केली. वरपक्ष बिथरला.

"मुलगा बारावी पास आहे हो," व्याही म्हणाले. "बोटं कसली मोजता?"

"शिक्षान तुमी बघा," मिस्त्री म्हणाला. "मी माझं बघतो."

पाटोद्याच्या अलीकडं रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं शेड. बागेत फिरतात त्या छोट्या ट्रॅक्टरला मागं रोटाव्हेटर जोडा, फवारणीची टाकी जोडा, नाहीतर कडबाकुट्टी जोडा, ते अवजार चालू-बंद करायचा दांडा लिंबाजीनं घरी बनवलेलाच बसणार. खाटेचे पाइप, सायकलीचं हँडल, चपलेचं रबर, त्याला काहीही चालायचं. कंपनीचा दांडा मात्र चालत नसे.

"कंपनीवाला गादीवर बसून इचार करतो," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "त्याला वाटतं मान्साचा हात कायम मोकळाच ऱ्हातो."

म्हणून प्रत्येक अवजाराला तो फुकटात एक जास्तीचा दांडा बसवायचा. त्याला म्हणायचा थांबदांडा. तो कसा चालतो हे दाखवण्यासाठी गिऱ्हाइकाकडूनच स्वतःचे हात पाठीमागं बांधून घ्यायचा आणि गुडघ्यानं, खांद्यानं, शेवटी कपाळानं ढकलून यंत्र बंद करायचा. कपाळाला टेंगूळ आलं की दांडा पास. लोक हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि आमच्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. मी सोसायटीचा सचिव. सकाळी जनावरांची हजेरी घ्यायची, जे उठलं नाही त्याच्या नावावर रेघ मारायची, हे माझं काम. पहिली रेघ मारण्याआधी मी दोनदा दावणीशी जाऊन जनावर पाहून आलो होतो. महिन्याभरात तेही बंद झालं. माणूस कशालाही सरावतो, याची मला तेव्हा फार चीड आली होती.

छावणीत छोट्या ट्रॅक्टरवर कडबाकुट्टी चालायची. पात्यापुढच्या पन्हाळीत कडबा सारायला कौसाबाई होती. ती आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादम जोडी धड असेल तरच आगाऊ पैशांची उचल देतो. त्या साली तोडीला ऊसच नव्हता, म्हणून दोघं आपल्या बैलांसकट छावणीत आली होती.

मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी कौसाबाईची बोटं मोजली आणि दुसऱ्या दिवशी आटलेल्या हातपंपाचा दांडा घेऊन आला. पन्हाळीच्या पुढ्यात पोटाच्या उंचीवर त्यानं तो आडवा बसवला. हात आत ओढला गेला तर बाई आपोआप पुढं झुकणार, पोटानं दांडा ढकलला जाणार, ट्रॅक्टरचा जोर सुटणार आणि चाकाला ब्रेक लागणार. काम चोख होतं. अडचण एकच होती, आमच्या चेअरमनसाहेबांचं पोट.

तहसीलचे साहेब पाहणीला आले. फोटोसाठी चेअरमन कडब्याची पेंढी घेऊन यंत्रापुढं उभे राहिले आणि यंत्र बंद पडलं. ड्रायव्हरनं चालू केलं. चेअरमन हार घालायला पुढं झाले, परत बंद. तिसऱ्यांदा ते दोन पावलं मागं सरकले, तर फोटोवाला म्हणाला, "साहेब, थोडं पुढं या." सगळी छावणी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले, तिथंच घात झाला.

संध्याकाळी ठराव झाला, "सदर दांड्यामुळे चारा वाटपात व्यत्यय येत असल्याने तो काढून टाकण्यात यावा." ठराव मीच लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. सकाळी दांडा कापला गेला. बाजूला वीतभर तुकडा राहिला, तेवढा काढायचा कंटाळा केला कुणीतरी. तो हातानं ढकलला तर यंत्र अजूनही थांबत होतं.

मिस्त्री आला. भांडेल असं वाटलं होतं. त्यानं कापलेली जागा पाहिली, अंगठ्यानं चाचपली आणि त्या वीतभर तुकड्याला धरून यंत्राशेजारी उभा राहिला. सकाळी सातला उभा राहिला तो यंत्र थांबेपर्यंत. नजर कौसाबाईच्या हातांवर. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी शेडला कुलूप.

"मिस्त्री, घरी जा," मी म्हणालो. "इथं कशाला उभे ऱ्हाता उन्हात? ड्रायव्हरला धरायला सांगू."

"त्याचं ध्यान मोबाइलात."

"मग मी धरतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ठराव कुणाच्या अक्षरात आहे हे त्याला ठाऊक होतं. "नगं, सचिवसाब," एवढंच म्हणाला. मग यंत्राच्या आवाजातच, मान न वळवता सांगू लागला.

"आमीबी कोयताच होतो. मी आन गयाबाई. एका साली तोडीवरून आल्यावर एका बागायतदाराच्या हितं कुट्टीवर लागलो. ती कडबा सारत होती, मी मागल्या बाजूला कुट्टी भरत होतो. बांगडी आडकली. ती वराडली, पर बंद करायचा खटका भिताडाच्या पल्याड. सतरा पावलं हाय ते. मी लई पळालो, सचिवसाब. सतराच पावलं. तवर कोपराखाली काय ऱ्हायलं न्हाई."

पुढच्या हंगामाला मुकादम दारावरून गेला, थांबला नाही. तेव्हा लिंबाजी वेल्डिंग शिकला. गयाबाईला उजवा हात नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ती सतरा पावलं कुणालाच माहीत नव्हती. गयाबाईनंही ती कधी विचारली नव्हती, म्हणाला. नऊ वर्षं दोघं कामापुरतंच बोलत होती.

मला तेव्हाच ठराव फाडून टाकायला हवा होता. मी नाही फाडला. चेअरमनला घाबरलो.

चौथ्या दिवशी दुपारी गयाबाई आली. नऊ वर्षांत ती कुट्टीच्या आवाजाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. छावणीच्या तोंडाशी थबकली, पदर तोंडात धरला. मग एकेक पाऊल टाकत यंत्रापर्यंत आली. भाकरीचं फडकं ट्रॅक्टरच्या चाकापाशी ठेवलं.

"चार दिस झालं दुपारचं जेवला न्हाईत."

"सुटत न्हाई हे," मिस्त्री म्हणाला.

"सोडा. मी धरते."

मिस्त्री हलला नाही. गयाबाईनं डावा हात पुढं केला आणि त्याच्या मुठीशेजारी तुकडा घट्ट पकडला. कौसाबाई कडबा सारतच होती, पातं फिरतच होतं.

"माझं ध्यान हाय," गयाबाई म्हणाली. "तुमी जेवा."

मिस्त्रीची बोटं एकेक करून सुटली. चाकाच्या सावलीला तो टेकला, फडकं सोडलं आणि यंत्राकडं पाठ करून जेवायला लागला.