नेमाप्रमाणे हजर

"मौन म्हणजे मौन! घराला आग लागली तरी आधी तास पुरा करायचा, मग ओरडायचं!" रोज सकाळी तासभर मौनाचा नेम देताना आईनं बजावलं होतं. तो मी आजवर मोडलेला नाही. म्हणून आमच्या सरकारी कचेरीत घरून काम करायची सवलत मिळाली, तेव्हा मी ऐटीत जाहीर केलं, "नेम, नोकरी आणि सासूबाई, तिन्ही एका खुर्चीवरून सांभाळीन!" सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. सवलत गेली असती, तर दिवसभर त्यांना पाणी द्यायलाही कोणी नव्हतं.

साहेबांची अट एकच. स्क्रीनवर हाक आली, की तोंडानं 'हजर' म्हणायचं. एकजण जरी चुकला, तरी साऱ्या विभागाची सवलत बंद! एरवी हजेरी माझं मौन संपल्यावर व्हायची. पण परवा साहेबांना शिस्तीचा झटका आला आणि त्यांनी ती भल्या सकाळीच सुरू केली!

"बाई, हजर?"

मी मान डोलावली.

"मान नको, आवाज हवा!"

मी हात जोडले.

"नमस्कार पोचला. आवाज?"

माझी तगमग बघून आमचे हे तोंडाला दाढीचा फेस तसाच घेऊन कॅमेऱ्यात घुसले. "साहेब, नेमाप्रमाणे ती आत्ता बोलत नाही!" एवढं बोलले, तोच डोळ्यांत साबण गेला म्हणून पळाले.

"नियमाप्रमाणे? कुठल्या नियमाप्रमाणे?" साहेब कडाडले.

आमच्या संघटनेचे चिटणीस अशा संधीसाठीच जन्माला आलेत! "बरोबर! हजेरी तोंडीच द्यावी, असा नियम दाखवा! बाईंनी असहकार पुकारलाय. मंडळी, माइक बंद!"

माझा सोडून पटापट सगळे माइक बंद! पडदाभर मिटलेली तोंडं, जणू दातांच्या डॉक्टरकडे बसवलेली पोरं! मी 'नाही नाही' म्हणून दोन्ही हात हलवले, तर सगळ्यांनी उत्साहानं मला हात हलवून दाखवले.

साहेबांचा आवाज उतरला. "बाई, वरपर्यंत गेलं तर चौकशी माझीच लागेल हो. हे मिटवा."

मौनाची दहाच मिनिटं उरली होती. मी दहा बोटं दाखवली.

"दहा मागण्या?"

तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "पाणी!"

"पिण्याचं पाणी. मान्य!"

"ती मऊ उशी कुठंय?"

"उशी? बरं, खुर्च्यांना गाद्या देऊ. पुढं?"

शेवटी गजर वाजला. "साहेब, मागण्या कसल्या! माझं मौन होतं. हे 'नेम' म्हणाले, 'नियम' नाही!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. झालं, गेली सवलत!

"सवलत राहील," साहेब हळूच म्हणाले. "पण बाई, इतकी शांतता या विभागात मी कधी ऐकली नव्हती. उद्या वरिष्ठ तपासणीला येतायत. तुम्ही गप्प बसलात, की सगळे गप्प बसतात. तासभर इथं कचेरीत येऊन गप्प बसाल?"

मी शब्द दिला. ह्यांनीही ऑफिसला उशिरा जायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी पर्स उचलली, तर सासूबाईंनी विचारलंच, "इतक्या सकाळी कुठं गं?"

"ऑफिसला. गप्प बसायला."

"अगं, ते तरी घरून करू देतील की नाही?"

मी चपला घातल्या आणि अलगद दार ओढून घेतलं.