अक्कांच्या दंडावरचं नाव

आमच्या शेजारच्या अक्का रोज सकाळी ओट्यावर बसून तूरडाळ उचलायच्या. किलोकिलोच्या दोन कापडी पिशव्या, दोन हातांत, वर-खाली, वर-खाली. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत तेव्हा धावायचं ते फक्त पॅसेंजर गाठायला. त्यामुळे साठी ओलांडलेल्या बाईची ही कसरत बघायला दूधवालाही सायकल थांबवायचा.

"काय देखी ऱ्हायना रे? दूध दे नि चालता व्हय!"

साखरेच्या आजारानं अक्का वर्षभरात निम्म्या झाल्या होत्या आणि दंडाची कातडी झोळीसारखी लोंबत होती. आधी त्यांनी तिळाचं तेल चोळलं. मग केळीची साल बांधली. मग श्वास रोखून पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि चक्कर येऊन मटकन खाली बसल्या, कारण ब्लडप्रेशरही सोबतीला होतंच. डॉक्टरकडे मीच नेलं.

"अक्का, सुटलेली कातडी चोळून आवळत नाही," डॉक्टर म्हणाले. "हलकं वजन उचला, श्वास चालू ठेवा. हाताला बळ येईल, कातडी मात्र फारशी चढायची नाही. गोळ्या चुकवू नका, डाळ-उसळ खा."

अक्कांनी त्यातलं वजन आणि डाळ एवढंच धरलं. "आधी उचलसू, मंग शिजाडसू!"

हा सगळा खटाटोप नटण्यासाठी नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत नवऱ्यानं हौसेनं त्यांच्या दंडावर स्वतःचं नाव गोंदवलं होतं: सुपडू. अक्कांनी नवऱ्याचं नाव जन्मात तोंडानं घेतलं नाही. कुठल्याही कचेरीत कुणी विचारलं, की बाही वर करून दंड पुढे! नवरा, म्हणजे आमचे आबा, गेल्यावरही हाच रिवाज. पण रेशनच्या कारकुनापुढे दंड धरला तेव्हा मधला 'प' कातडीच्या घडीत गेला होता, आणि त्या भल्या माणसानं कार्डावर 'सुडू' लिहिलं. अक्कांना अक्षरओळख नाही. कार्ड मी वाचून दाखवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तेव्हापासून डाळ. उचलून झाली, की शाळेत शिकवायला निघालेल्या मला हाक. "भाऊ, वाच बरं."

मी घडी ताणून वाचायचो, "सुपडू."

"आखो एकदा."

"सुपडू."

असे सहा महिने गेले. मी पडलो मास्तर, खोटे मार्क देणं जमत नाही. एकदा सांगूनच टाकलं, "अक्का, घडी होती तिथंच आहे. कार्डही मी दुरुस्त करून आणलं. आता रोज काय वाचायचं?"

अक्कांनी बाही खाली ओढली.

"माले काय ठाऊक नही का?" त्या हळूच म्हणाल्या. "पन घरमा बठ्ठा ल्हानमोठा 'आबा'च म्हनतस. त्यासना जोडीना, नाव लिसन हाक मारनारा कोणी ऱ्हायनात नही. माले तर नाव लेता येत नही. तू वाचस, तवय कानवर पडस."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी कातडी तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी सायकल बाहेर काढली आणि फाटकातूनच, जुन्या दोस्ताला मारावी तशी हाक मारली, "सुपडू!"

अक्कांनी हातातल्या पिशव्या घाईघाईनं खाली ठेवल्या आणि डोक्यावर पदर घेतला.